बादलीतली कुलपं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली सगळी कुलपं एका लोखंडी बादलीत ठेवलेली आहेत. कपाटांची, खणांची, मागच्या खोलीचं, आणि एक कुणाच्या तरी सायकलचं. बादली दाराशी असते. वाऱ्यानं दार मिटू नये म्हणून ती दाराला टेकवलेली असते. नवीन आलेल्या मुलांना ते भंगार वाटतं. पण ते भंगार नाही. ते आमचे ग्रंथपाल रफीक सर यांचं आयुष्यभराचं काम आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शिपाई गंगाधरमामांचा या बादलीवर फार राग होता.

"सर, दार लावून घ्या. कुत्रं येतंय आत."

"येऊ दे मामा. कोण्या विषयाचं हाय बघा, त्या कपाटाकडं पाठवा."

"पुस्तकं चोरीला जातेत."

"वाचायलाच नेत असतील ना. लोणचं थोडंच घालतेत त्याचं?"

रफीक सर उंच आणि किडकिडीत होते. गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत घालावा तसा पेन ड्राइव्ह. मुलं मागं त्यांना 'बिनकुलपे सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "लोकाला आडनाव बापाकडून मिळतं, मला कामावरून मिळालं," असं ते म्हणायचे. कुणी दारात घुटमळलं की हातातलं काम न सोडता हाक द्यायचे, "खुलं हाय, या!"

मीसुद्धा अशीच घुटमळले होते. मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. माझ्या आधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. लातूरला आले ती डॉक्टर व्हायला. क्लास लावला, नंबर लागला नाही, मग बी.एस्सी.ला बसले आणि 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम मिळालं. पहिल्या दिवशी एका जाड पुस्तकासमोर बराच वेळ उभी राहिले. हात लावावा की विचारावं, कळेना.

"बेटा," सर म्हणाले, "वाचून राहिली का पूजा करून राहिली?"

मी पुस्तक काढलं. त्यानंतर मला ग्रंथालयात कधी भीती वाटली नाही.

माझं काम होतं 'भांडार' भरायचं. सरांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर हे भांडार उघडलं होतं. आमच्या प्राध्यापकांचे लेख, मुलांचे प्रकल्प, सगळं त्यात घालायचं आणि जगात कुणालाही फुकट वाचता येईल असं ठेवायचं. मी विचारलं, "सर, फुकट दिलं तर त्यावर आपलं नाव कोण ठेवणार? कुणीपण उचलंल की."

सरांनी मला बस स्टँडवरची पाणपोई आठवायला सांगितली. "तिथं साखळी कशाला असते? ग्लासला. पाण्याला न्हाई. लेखकाचं नाव म्हणजे तो ग्लास. तो हलवायचा न्हाई. पाणी किती प्यायचं तेवढं प्या."

मला वाटतं, या विषयावर पुढं मी जे काही वाचलं, त्यात याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही.

प्राध्यापक मात्र त्यांना बघून रस्ता बदलत. कारण सर स्टाफरूमच्या दारात उभे राहून लेख मागत. वसुलीला आल्यासारखे. "पाटील सर, ते तुमचं मातीवरचं छापून आलं म्हणे. द्या की." पाटील सर रसायनशास्त्राचे. ते म्हणायचे, "अहो, ते मासिकवाल्यांचं झालं आता." मग सर त्या मासिकाचे नियम छापूनच आणायचे आणि पेन्सिलीनं खूण केलेली ओळ दाखवायचे. मासिकानं सजवून छापलेली पानं त्यांची असतात, पण तपासणी होऊन दुरुस्त झालेली आपली स्वतःची प्रत पुष्कळ वेळा आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवता येते. कधी लगेच, कधी काही महिने थांबून. "लगीन त्यांच्या मांडवात झालं," सर म्हणायचे, "म्हणून लेक काय माहेरी येऊ नये का?"

बढतीसाठी लेख हवे असलेले काही जण पैसे भरून कुठंही छापून आणत आणि तेही 'खुलं' आहे म्हणून मोठ्या ऐटीत सरांना दाखवत. सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "तपासलं कोणी हे? सकाळी पाठवलं, संध्याकाळी छापलं. जिलबीला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो." दार उघडं असणं आणि घराला भिंतीच नसणं, यात फरक आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. ऐकणाऱ्याचं तोंड कडू व्हायचं.

त्या वेळी लातूरात क्लासेसचा जोर इतका होता की चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फलक एकमेकांना झाकत. क्लासच्या नोट्सच्या प्रत्येक पानावर ज्याचं त्याचं नाव फिकट अक्षरात छापलेलं असायचं. म्हणजे कुणी दुसऱ्याला दिल्या तर देणारा सापडावा. हॉस्टेलवर माझ्या खोलीतली मैत्रीण अश्विनी नोट्स गादीखाली घालून झोपायची. पाठ दुखायची तिची, पण नोट्स सुखरूप होत्या.

सर एका रविवारी क्लासेसच्या गल्लीत उभे राहून चिठ्ठ्या वाटू लागले. 'पुस्तके, लेख, जुने पेपर. मोफत. सर्वांसाठी.' एक क्लासमालक तरातरा आले. त्यांना वाटलं, नवीन क्लास निघाला.

"फी किती ठेवली?"

"न्हाई ठेवली."

"बरं, डेमो लेक्चर कधीय?"

"लेक्चर बी न्हाई. बसून वाचायचं."

मालक जरा वेळ चिठ्ठीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मागं कुणाचा पैसा हाय, तेवढं सांगा."

हे सगळं मी हसत हसत हॉस्टेलवर सांगायचे. सर मला विक्षिप्त वाटत, प्रेमळ वाटत. पण एवढी तळमळ कशासाठी, हे कळत नव्हतं. ते कळलं एका लेखामुळं.

सरांच्या कॉम्प्युटरवर एक पान कायम उघडं असायचं. परदेशातल्या एका मासिकाचं. मराठवाड्यातल्या मुसलमान बायकांच्या दखनी बोलीवरचा लेख. वर चार ओळींचा सारांश, खाली कुलपाचं चित्र, आणि त्याच्याखाली डॉलरमधली रक्कम. सर रोज सकाळी आले की ते पान ताजं करून बघायचे. कुलूप असायचंच. मग ते भांडाराच्या कामाला लागायचे.

"सर, हा लेख कुणाला पाहिजे?" मी एकदा विचारलं.

"मला."

सारांशातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं: वक्ता क्रमांक चार, लातूर, रजया शिवणारी स्त्री.

"माझी अम्मी," सर म्हणाले. "नंबर दिलाय तिला. रेशनच्या रांगेत दिल्यासारखा."

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात हैदराबादहून वसुधा नावाची एक संशोधक मुलगी लातूरला आली होती. टेपरेकॉर्डर घेऊन घरोघरी बायकांशी बोलायची. सरांच्या घरीही आली. अम्मी रजई शिवत बोलत राहिल्या. पुढं काही वर्षांनी अम्मी गेल्या. घरात त्यांचा फोटो एकच, तोही आधार कार्डाआधीच्या जमान्यातला, डोळे मिटलेला. आवाज कुठंच नव्हता. आणि मग पुष्कळ वर्षांनी सरांना हे पान सापडलं. आत अम्मीचे शब्द होते. बाहेर कुलूप होतं.

सगळ्यांना कळल्यावर सगळेच मदतीला आले. पाटील सर म्हणाले, आपण वर्गणी काढून विकत घेऊ. सर म्हणाले, "अम्मीला भेटायला तिकीट काढू का मी?" अश्विनीनं मला एक वेबसाइट सांगितली, तिथं कुठलाही बंद लेख आपोआप उघडतो म्हणे. मी भीत भीत सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मंग खिडकीतून शिरू का? आपल्या आईच्या घरात? दारातून जायचंय बेटा. आणि माझ्यामागं बाकीच्याला बी जाता आलं पाहिजे."

मला तेव्हा हा हट्ट वाटला. थोडा राग पण आला. इतकी आस लागलेली आहे, आणि नियम कसले धरून बसायचे!

आम्ही वसुधा मॅडमना ईमेल लिहिला. इंग्रजी माझं, स्पेलिंग सरांचं. उत्तर नाही. परत लिहिला. तो पत्ताच बंद पडला होता. मॅडम निवृत्त झाल्या होत्या. मी निराश झाले, पण सरांना उलट हुरूप आला. त्यांनी सरळ मॅडमच्या जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना फोन लावला.

"त्यांना कसा ठाऊक असेल पत्ता?" मी म्हणाले.

"प्रोफेसर रिटायर झाला तरी एखादं पुस्तक घरी ऱ्हातंच. ग्रंथपाल पत्ता सोडत न्हाई."

खरंच, पत्ता होता. त्या ग्रंथपालबाईंनी मॅडमना निरोप दिला आणि मॅडमचाच फोन आला. सरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि उभे राहिले. बसून बोलायला तयार नव्हते.

"रफीक? रजईवाल्या खालांचा रफीक?" पलीकडून आवाज आला. "मला चहा दिला होतास तू. साखर विसरला होतास."

सरांना बोलताच येईना. मग मीच कशीबशी सगळी हकीकत सांगितली. मॅडमचा आवाज पडला. "पण मी हक्क लिहून दिलेत गं त्यांना. माझ्याच हातात काही नाही."

हे ऐकल्यावर सरांचा आवाज परतला. त्यांनी मासिकाचे नियम पाठ म्हणावे तसे सांगितले. छापील पानं नकोत. तुम्ही शेवटची दुरुस्ती करून पाठवलेली तुमची प्रत पाहिजे. ती तुमच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवायची परवानगी त्यांनीच लिहून दिलेली आहे, थांबायची मुदत कधीच सरली आहे.

"अगंबाई," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं मी विचारलंच नाही कुणाला. टेपा तर कधीच खराब झाल्या, निदान एवढं तरी उरलंय."

प्रत शोधायची होती. ती कुठल्या तरी जुन्या डिस्कमध्ये होती, डिस्क वाचणारं मशिन कुठंच मिळेना, शेवटी मॅडमच्या भाच्यानं ते कुठून तरी आणलं. तोवर सर दुसरं काही करू शकत नव्हते. पुस्तकं चुकीच्या कपाटात ठेवू लागले. डबा न खाता परत नेऊ लागले. एकदा मी त्यांच्या घरी हजेरीपत्रकावर सही घ्यायला गेले. दार सताड उघडं. आत सर एकटेच, भिंतीकडच्या एका नीट घडी घातलेल्या रजईशेजारी बसलेले. मला म्हणाले, "खुलं हाय, ये." आवाज नेहमीचाच होता. पण या घरात ही हाक ऐकायला कुणी येत नाही, हे मला तेव्हा जाणवलं.

एका दुपारी हैदराबादच्या ग्रंथपालबाईंकडून लिंक आली. सर खुर्ची सोडून उठले आणि मला बसवलं. "तू उघड."

लेख उघडला. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. कुलूप नव्हतं.

मी खाली खाली जात राहिले. तक्ते, आकडे, टिपा. वक्ता क्रमांक एक, दोन, तीन. सर माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. मला वाटत होतं, अम्मींच्या गोष्टी असतील, गाणी असतील. पण बोलीभाषेवरचा लेख तो. उदाहरणापुरतं वाक्य घेतलेलं. वक्ता क्रमांक चारचं वाक्य एकच होतं.

मी सरांकडं वळून बघायला धजले नाही.

"वाच," ते म्हणाले.

रोमन अक्षरं, वर खाली खुणा. मी अडखळत वाचलं. "रफीक, दरवाजा नक्को लगा रे. आपा आती हुईंगी."

सर शेजारच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आपाला, औशाकडच्या एका गावात दिलेलं होतं. भूकंपात ती गल्लीच राहिली नाही. अम्मींना सगळ्यांनी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि दार उघडंच ठेवलं. "मॅडम आल्या त्या दिवशी थंडी लई होती. अम्मी खोकून राहिली होती. म्हणून मी दार लावायला उठलो. मॅडमच्या मशिनमधलं लेखात तेवढंच आलं बघ."

मी पडद्याकडं बघत राहिले.

"पुन्हा वाच," सर म्हणाले. "'लगा' लांबव जरा. अम्मी लांबवायची."

मी वाचलं.

"'रे' हळू. रागावली नव्हती ती."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा. त्या खुणांमधून हळूहळू एक बाई बोलू लागली, सुई थांबवून, मान वर न करता. सरांनी डोळे मिटले होते.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि आमच्या भांडारात त्या लेखाची नोंद करायला घेतली. मॅडमना त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. 'तेव्हा नावं न घालायची पद्धत होती, तुमची इच्छा असेल तर जरूर लावा,' असं त्या म्हणाल्या होत्या. लेखकाच्या नावाखाली सरांनी एक ओळ वाढवली. 'बोलणारी: हमीदाबी, लातूर.' त्याखाली 'प्रवेश' असा रकाना होता. तिथं काय टाकायचं ते मला विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. सर नुसते हसले.

संध्याकाळ झाली होती. गंगाधरमामा झाडू घेऊन दारात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी वाकून बादली सारखी केली, दार भिंतीला आणखी थोडं टेकवलं, आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कुत्र्याचं नाव काढलं नाही.