मिनिटाला दोनशे ठोके

मास्तरांनी भाचीच्या पत्राला सात महिने उत्तर दिलं नव्हतं. रागावले होते असं नाही. उत्तराचे नऊ कच्चे खर्डे टेबलाच्या खणात पडून होते आणि प्रत्येक खर्डा आधीच्यापेक्षा वाईट उतरला आहे, अशी त्यांची खात्री होती.

मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गायनमंडळ शिकवत. भाची त्याच मंडळात वाढली. आता तिचा स्वतःचा बँड होता. चौघंही श्रद्धाळू, एकही उपासना न चुकवणारे. वाजवायचे मात्र एक्स्ट्रीम मेटल. म्हणजे ड्रम मिनिटाला दोनशे ठोक्यांनी धावतात आणि गाणारा घशाच्या तळातून गुरगुरत देवाची स्तुती करतो. तयार होत असलेल्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी त्यातच बासरी मिसळली होती, संथ प्रार्थना मिसळली होती आणि शेवटी एक जुनं स्तोत्र घेतलं होतं. "त्याला ऑर्गन हवाय मामा, आणि तो तुमचाच," असं तिनं लिहिलं होतं. सोबत पेनड्राइव्हवर नुसते ड्रम पाठवले होते. परवा दुसरं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत काही आलं नाही तर ऑर्गनची जागा मोकळीच सोडू, दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती मोकळी जागा मास्तरांना जेवू देईना.

शनिवारी सरावाच्या तासभर आधी ते रिकाम्या चर्चमध्ये गेले. कानांवर हेडफोन चढवले, रेकॉर्डिंगसाठी मोबाइल ऑर्गनवर ठेवला आणि सुरुवात केली. पहिल्या अकरा वेळा बोटं एकमेकांत अडकली. बाराव्या वेळी अडकली नाहीत आणि मास्तर घड्याळ विसरले.

तेवढ्यात गायनमंडळ आलं. तीस वर्षं मास्तरांचा एकच नियम होता: ऑर्गन कुणासाठी थांबत नाही, उशीर झाला तर असेल तिथून पकडायचं. सतरा जणांना मास्तरांची पाठ दिसली आणि स्तोत्र ओळखीचं वाटलं. त्यांनी पुस्तकं उघडली आणि पकडलं. वेग जरा विचित्र होता, पण मास्तरांना विचारणार कोण? मास्तरांना मात्र ड्रमखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

शेवटचा सूर सोडून त्यांनी हेडफोन काढले, तर मागून धापा ऐकू आल्या.

"मास्तर," खालच्या पट्टीत गाणाऱ्या नर्सकाकू म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात श्वास कुठे घ्यायचा, तेवढं सांगून ठेवा."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. असं पुन्हा आपल्या हातून वाजणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि जे वाजलं त्यावर सतरा जणांचे आवाज सांडले होते. त्यांनी सगळं कबूल केलं, एकेकाची माफी मागितली. भिंतीपलीकडच्या खोलीतून पाळकसाहेब आले. म्हणाले, मी इथे आल्यापासून सगळं मंडळ आज पहिल्यांदाच एकाच वेळी थांबलं.

सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकलं. मंडळातल्या लाँड्रीवाल्यांनी मध्येच विचारलं, हा गुरगुरतोय कोण? ते स्वतःच होते, दम संपल्यावरचे.

मास्तरांचं म्हणणं, हे पाठवण्याजोगं नाही, पुन्हा प्रयत्न करतो. काकूंनी पुस्तक मिटलं.

"ऐकून नको म्हणू दे की तिला. न ऐकवताच तुम्ही का ठरवताय?"

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरलं. दहावा खर्डा चारच ओळींचा झाला: "ऑर्गन मागितलास, त्याच्यामागून सतरा जण आले आहेत. त्यांना गाळता येणार नाही. उशीर तुझ्या संगीतामुळे झाला नाही. मी घाबरलो होतो."

टपालपेटीपर्यंत काकू सोबत आल्या. मास्तरांनी पाकीट अर्धं आत सरकवलं आणि थबकले.

"एक शब्द बदलायचा राहिला."

"पुढच्या अल्बमला बदला," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी पाकीट सोडलं.