चाकांची थरथर

जुनी गाडी घ्यायची तर नजर लागते, आणि ती माझ्याकडे आहे! हे मी घरात आणि ऑफिसात इतक्यांदा सांगितलं होतं की लोक मी तोंड उघडायच्या आधीच माना डोलवायला लागले होते. बॉनेट वर करून मी आत अशी काही बघते की विकणाराच घाबरतो. आत काय बघायचं असतं हे मला माहीत नाही, पण ते त्याला कुठे माहीत असतं?

अशा नजरेने मी एक निळी गाडी हेरली. नवऱ्याने नाक मुरडलं, नणंद फोनवर खूप वेळ हसली. एकट्या सासूबाई म्हणाल्या, "तुला आवडलीय ना? मग घे." घेतली.

गाडी गुणी होती. फक्त सत्तरच्या पुढे गेली की थरथरायची. स्टिअरिंग असं हलायचं की बोलताना माझा आवाज कापायचा आणि शेजारी बसलेल्याला वाटायचं, हिला रडू येतंय.

एरवी मी चालवून घेतलं असतं. पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, घरी नेताना कमरेला जराही हिसका बसता कामा नये. नणंदेने लगेच आपली कोरी करकरीत मोठी गाडी पुढे केली. तर आई पडल्यापडल्या म्हणाल्या, "मी सुनेच्या गाडीतून येणार." माझी छाती फुगली आणि त्याच क्षणी ती थरथर आठवली.

दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने चाकं काढून यंत्रावर फिरवली आणि सांगितलं की त्यांचा तोल गेलाय. मग रिमच्या आतल्या बाजूला शिशाचे लहान लहान तुकडे चिकटवले. ज्या बाजूला चाक हलकं, तिथे वजन, झालं. येताना मुद्दाम हमरस्त्यावरून आले. गाडी लोण्यासारखी! मी स्वतःशीच गाणं म्हणत घरी पोचले.

घरी बाबा, म्हणजे माझे सासरे, फाटकात उभे. बाबा निवृत्त दंतवैद्य. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत असायचे, आणि आई इस्पितळात गेल्यापासून तर त्यांना घर खायला उठलं होतं. "ती येणार तर गाडी स्वच्छ हवी. ते माझ्याकडे लागलं," ते म्हणाले. मी म्हटलं, बरंच झालं. मी ऑफिसला जाते बसने, गाडी दिवसभर दारातच असते. संध्याकाळी येऊन बघते तर गाडी आरशासारखी लखलखत होती.

आणि पुढच्या फेरीला पुन्हा थरथर!

गॅरेजवाल्याने चाकात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सगळे तुकडे पडलेत, ताई. खड्डेबिड्डे जरा जपून घेत जा." मी म्हटलं, खड्डे मी जपूनच घेते, तुमचा गोंद बघा. तो म्हणाला, त्याच्या गोंदाबद्दल आजवर कोणी ब्र काढलेला नाही. मी म्हटलं, माझ्या ड्रायव्हिंगबद्दलही नाही. हे खरं नव्हतं, पण भांडणात चालतं. तुकडे पुन्हा चिकटवले. दोन दिवस गेले, तुकडे पुन्हा गायब! तिसऱ्या वेळी त्याने असा काही गोंद लावला की म्हणाला, आता चाक तुटेल पण तुकडा सुटणार नाही.

दुर्दैवाने नणंदेची गाडीही त्याच गॅरेजात जाते. तिला सगळं कळलं, म्हणजे त्याच्या बाजूने कळलं. वहिनी गाडी अशी आपटत नेते की चाकातलं शिसं गळून पडतं! रात्रीच्या जेवणापर्यंत ही बातमी इस्पितळात आईंजवळ राहिलेल्या नवऱ्यालाही पोचली होती. त्याने फोनवर नको तितक्या गोड आवाजात सुचवलं की आईला ताईच्याच गाडीतून आणू या. मी फोन ठेवला आणि मला खरंच रडू आलं. आईंनी भरवसा टाकला होता तो माझ्यावर, गाडीवर नव्हे.

आईंना घरी आणायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. दारात येऊन बघते तर बाबा गाडीच्या पुढच्या चाकापाशी चटईवर आडवे. कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधलेला, हातात दात खरवडायची ती आकडी, आणि शेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये शिशाचे तुकडे ओळीने मांडलेले.

"बघ, केवढं निघालं," बाबा अभिमानाने म्हणाले. "लोक बाहेरून चकचकीत ठेवतात. किटण नेहमी आतल्या बाजूला असतं. आणि दोन दिवसांत परत धरतं गं! या वेळी तर फारच घट्ट बसलं होतं."

मी तोंड उघडलं ते रागानेच. पण त्यांची बोटं सोलवटलेली दिसली. "तिथे इस्पितळात मला कोणी काही करू देत नाही," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, निदान हे तरी." माझा राग कुठल्या कुठे गेला. ते किटण म्हणजे काय ते मी शक्य तितकं हळुवार सांगितलं. बाबांनी कपाळाचा दिवा काढला आणि ते ट्रेसकट गाडीत येऊन बसले.

गॅरेजवाल्याने ट्रे बघितला, बाबांना बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं. "ताई, ड्रायव्हिंगबद्दल बोललो ते मागे घेतो," तो म्हणाला. मग गालावर हात ठेवून बाबांकडे वळला. "काका, माझी ही दाढ बघता का जरा?" बाबांच्या चेहऱ्यावर केवढी तरतरी आली! दाढ बघून झाली, तुकडेही पुन्हा चिकटले.

दुसऱ्या दिवशी आईंना उशांच्या राशीत मागच्या सीटवर निजवलं, नवरा त्यांच्या पायाशी बसला आणि मी निघाले. श्वास रोखून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. ना थरथर, ना हिसका. मागून नणंद आपल्या गाडीतून येत होती. घरापाशी थांबले तेव्हा आई जाग्या झाल्या. "आलं घर? मला काही कळलंसुद्धा नाही गं." माझ्या जिवात जीव आला. फाटकात वाट बघणाऱ्या बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मीही पुसले.

आईंना आत नेऊन निजवलं. मी मोठ्या तोऱ्यात बाहेर आले तर नणंद दारातच उभी होती.

"वहिनी, ती थरथर किती स्पीडला व्हायची?"

"सत्तरच्या पुढे," मी सांगितलं.

"आणि आज तू सगळा रस्ता वीसने आलीस," ती म्हणाली. "आपल्याला एक सायकलवाला मागे टाकून गेला."

मी आईंची पिशवी उचलली आणि चहा कोणाकोणाला हवाय, असं जरा मोठ्यानेच विचारत आत गेले.