हंडा काढून किती?

भाव करायला अप्पांना सोबत न्यायचं, हे श्रीशैलनं स्वतःच ठरवलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं सगळं अप्पांच्या डोक्यावर फोडायचा मोह होतो. (फोडायचंच आहे. पण क्रमानं फोडू.)

अप्पा म्हणजे धोंडप्पा. उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आणि आपल्याशी भाव करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे अशी पक्की समजूत. श्रीशैल त्यांचा एकुलता एक मुलगा. नांदेडला इंजिनिअरिंग करत होता, ते अर्ध्यात सोडून घरी आला. का सोडलं याचं उत्तर घरात ज्याच्या त्याच्याकडं तयार होतं. आई म्हणायची मेसचं जेवण, मामा म्हणायचे मोबाईल, अप्पा म्हणायचे नशीब. श्रीशैलला कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांना कारण सापडलं की पोराची गरज उरत नाही.

कॉलेज सुटल्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. दुःख होतं कॉलेजमागच्या गल्लीतल्या गेमिंग कॅफेचं. तिथं तो, सत्यम आणि धम्मप्रिया असं तिघांचं पथक होतं. वर्गात सर त्याला नंबरानं हाक मारत, पण त्या खेळात, हातात बंदूक घेऊन पडक्या इमारतींतून पळताना, तो कुणीतरी होता. धम्मप्रिया शेजारच्या खुर्चीत बसायची आणि खेळाच्या भरात सांगायची, "श्रीशैल, मागं बघ." तो वळायचा आणि वाचायचा. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र दोघांत एक वाक्य धड झालं नव्हतं. पण घरीदारी त्याला जन्मभर सगळे "म्होरं बघ, म्होरं बघ" एवढंच सांगत आले होते. मागून काय येतंय ते बघून सांगणारी ती एकटीच.

आता तो उदगीरला पातेली पुसत होता. सत्यम पुण्यात नोकरीला लागला होता, त्यानं हप्त्यावर गेमिंगचं मशीन, म्हणजे तगडा कॉम्प्युटर, घेतलं होतं. धम्मप्रिया अजून नांदेडलाच. दोघांनी रविवार संध्याकाळचा खेळ आपापल्या जागेवरून नेटवर पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि धम्मप्रियाचा मेसेज आला : "तुझी जागा ठेवलीय. पण या रविवारपर्यंतच हं. तू नाही आलास तर सत्यमच्या मावसबहिणीला घ्यावं लागेल, साक्षीला. तिघं लागतातच."

श्रीशैलनं तो मेसेज इतक्यांदा वाचला की मोबाईललाही तो पाठ झाला असेल.

त्यानं अप्पांसमोर विषय काढला. अख्खी लगनसराई तो बिनपगारी दुकानात राबला होता, त्यामुळं अप्पांना एकदम न्हाई म्हणता येईना. "साठ हजाराच्या वर एक रुपया देणार न्हाई," ते म्हणाले. "आन् सुटं सुटं सामान आणून जोडायचं न्हाई. तयार सेट घ्यायचा. सुट्यात माणूस फसतंय."

लातूरच्या औसा रोडवर तसलं तयार मशीन मिळत होतं. श्रीशैलला त्यातला एकेक भाग तोंडपाठ होता. एका बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे, आणि मधोमध खेळातली चित्रं पळवणारं ते ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा. किंमत मात्र साठाच्या चांगली वर. आता भाव तोडणार कोण? घरात तोडणारा माणूस एकच होता.

एसटीत बसल्या बसल्या अप्पांनी शिकवणी सुरू केली.

"तोंडावर हौस दिसायलीय तुझ्या. ती पूस आधी."

"काय दिसतंय तोंडावर?"

"नवरीच्या बापासारखं दिसतंय. असलं तोंड घेऊन दुकानात शिरला की दुकानदार भाव वाढवतंय. मी वाढवतो की. तू आत यायचंच न्हाई. भायेर उभा राहायचं, आन् त्यानं बघितलं तर असं बघायचं की फुकट दिलं तरी नको."

"पण अप्पा, त्यात काय काय हाय ते तुम्हाला..."

"तीस वर्षं लग्नाचे संसार सेट विकायलोय. सेट म्हणजे काय ते मला सांगतो का रे?"

ज्या गोष्टीतलं काही कळत नाही तिच्यात वडीलधाऱ्यांचा अनुभव नेमका सर्वांत जास्त असतो. शिवाय दुकान गुरुलिंग नावाच्या माणसाचं होतं. लातूरला उतरल्यावर अप्पांनी पाटीवरचं नाव वाचलं, आतल्या बसवेश्वरांच्या तसबिरीकडं बघितलं आणि "आपल्यातलाच हाय" म्हणत आत गेले. त्यांच्या लेखी मशीनची तपासणी तिथंच संपली होती.

श्रीशैल बाहेर काचेला लागून उभा राहिला. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. त्याचं मशीन समोरच टेबलावर होतं. निळं व्हायचं, जांभळं व्हायचं, पुन्हा निळं. त्याला नांदेडचा कॅफे आठवला, हेडफोनमधला आवाज आठवला, आणि हौस उसळली. ती तोंडावर यायच्या आत त्यानं रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसवंतीकडं बघायला सुरुवात केली.

आत अप्पा हातवारे करत होते. गुरुलिंग मान हलवत होता. मग त्यानं मशीनची काच उघडली, आतून ते काळं, जाडजूड, दोन पंख्यांचं कार्ड काढलं, हातात उंच धरलं आणि काचेतून थेट श्रीशैलकडं बघत भुवया वर केल्या.

हेच. ह्याच्याचसाठी. दुकानदार मुद्दाम दाखवतोय, पोरगं पाघळतंय का बघतोय. आता हौस दिसली की मेलो. त्यानं सगळी ताकद एकवटून कंटाळलेला चेहरा केला, माशी उडवावी तसा हात झटकला आणि पाठ फिरवली. (हा अभिनय त्यानं आयुष्यात एकदाच केला आणि तो फारच चांगला झाला.)

थोड्या वेळानं अप्पा खोकं घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर लढाई मारल्याचं समाधान.

"किती?"

"बावन."

"बावन? एवढं कसं सोडलं त्यानं?"

"त्यानं सोडलं न्हाई. मी सोडवलं."

श्रीशैलला आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचा अभिमान वाटला. परतीच्या एसटीत त्यानं त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली. ही माहिती इथं नुसती नोंदवून ठेवतो, पुढं ती कुणी वापरू नये.

घरी आईनं, म्हणजे गुरम्मानं, मशीनला तीन बोटांनी भस्म लावलं, वर फूल ठेवलं आणि ओवाळलं. श्रीशैलनं बटण दाबलं, पंखा फिरला आणि सगळं भस्म अप्पांच्या चष्म्यावर जाऊन बसलं. तो अप्पांनी शुभशकुन मानला. शेजारची जगदेवी काकू बघायला आली, तिनं काचेला नाक लावून विचारलं, "मासे कुठं हायत?"

घरातलं नेट ढकलगाडी. गेम उतरायला शनिवारची रात्र गेली, रविवारची दुपार गेली. संध्याकाळी श्रीशैलनं अंघोळ करून, केस विंचरून हेडफोन कानाला लावला. तिकडून आवाज आला.

"आलास का? किती दिवसांनी रे." धम्मप्रियाच ती.

"आलो," तो म्हणाला. आणखी बरंच म्हणायचं होतं, पण तेवढ्यात खेळ सुरू झाला.

म्हणजे त्यांचा झाला. श्रीशैलच्या पडद्यावर चित्र येत होतं, पण पंगतीत जिलबीवाला येतो तसं. एकदा येऊन गेलं की मान लांब करून वाट बघा. त्यानं एक पाऊल टाकलं, ते बऱ्याच वेळानं पडलं.

"श्रीशैल, मागं बघ."

तो वळला. वळण पडद्यावर पोचेपर्यंत मारणारा त्याला मारून, खिसे चाचपून निघूनही गेला होता.

"श्रीशैल, मागं. अरे मागं." पुन्हा मेला. सत्यम म्हणाला, "तुझं कार्ड कुठलंय बे? जरा उघडून बघ ना."

आल्यापासून नुसते रंगच बघत बसलेल्या त्यानं काच उघडली. आत निळा-जांभळा उजेड होता, पंखे होते, आणि मधोमध भली मोठी, स्वच्छ, रिकामी जागा होती.

अप्पा ओट्यावर शेजाऱ्यांना लातूरचीच हकीकत सांगत बसले होते.

"अप्पा, ह्यातलं कार्ड कुठाय?"

"कंचं कार्ड?"

"काळं. जाड. दोन पंखे असलेलं."

"आं, ते व्हय. ते काढायला लावलं मी."

श्रीशैल खाली बसला. अप्पा शेजाऱ्यांकडं वळून सांगू लागले, कारण असल्या गोष्टी मुलाला नव्हे, मंडळींना सांगायच्या असतात.

"मी त्याला इचारलं, ह्या सेटमधी सगळ्यात महाग भांडं कंचं? त्यानं ते काढून दावलं. म्हनलं, मग आमचा हंडा ह्योच. आता संसार सेटमधी पितळी हंडा असतोय का न्हाई? वजनाला जड, किमतीला जड. आन् लग्न झालं की जातोय माळ्यावर. शहाणं गिऱ्हाईक काय म्हणतंय? हंडा काढून किती? तीस वर्षं माझ्याकडून लोकांनी हंडे काढून सेट नेले. कुणाचा संसार अडला का आजवर?"

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. कुणाचाच अडला नव्हता.

"अप्पा, तेच तर मशीन होतं. बाकी सगळा डबा हाय."

"मग तवाच सांगायचं की. ते पोरगं इमानदार, म्हनलं, काका, तुमच्या पोराला इचारून काढतो. त्यानं तुला काचेतून दावलं. तू हात झटकला."

झटकला होता. इतका सुंदर झटकला होता की गुरुलिंगला दुसऱ्यांदा विचारायची गरज वाटली नाही.

श्रीशैलनं गुरुलिंगला फोन लावला. कार्ड सौदा झाला त्याच संध्याकाळी विकलं गेलं होतं. "दुसरं मागवतो की," तो म्हणाला, "पण सुटं घेतलं तर महाग पडतंय बघा. तयार सेटमधी होतं म्हणून त्या भावात होतं." वाचलेले पैसे कुठं आहेत म्हणून विचारलं, तर अप्पांनी त्यातून दुकानात पितळी हंडे भरून ठेवले होते. स्वस्तात मिळाले होते.

"म्होरल्या लगनसराईनंतर बघू," अप्पा म्हणाले.

त्यानं खोलीत येऊन हेडफोन पुन्हा कानाला लावला. तिकडं साक्षी आली होती. तिला खेळ नुकताच कळत होता, ती चुकत होती, हसत होती. सत्यम म्हणाला, "श्रीशैल, तू ऐकत बस बे, आवाज तर येतोय ना." आवाज स्वच्छ येत होता. आवाजाला कार्ड लागत नाही. "साक्षी, मागं बघ," धम्मप्रिया म्हणाली. साक्षी वळली आणि वाचली.

तो ऐकत राहिला. तिघं जिंकले. हंडा काढला होता आणि कुणाचा खेळ अडला नव्हता.

सोमवारी मशीन दुकानात गेलं. एवढं झळकणारं सामान घरात ठेवून कोण बघतंय, असं अप्पांचं म्हणणं. गल्ल्याशेजारी ते निळं-जांभळं होत बसलं आणि श्रीशैल त्याच्यावर बिलं करू लागला. बिलांना ते पुरून उरत होतं. येणारी-जाणारी माणसं थबकून बघायची, एकदोघांनी नमस्कारही केला.

बुधवारी देवणीहून केवळाबाई नावाची बाई आली, मुलीच्या लग्नाचा सेट घ्यायला. बसकण मारून बसली, पदर खोचला आणि सेटमधून एकेक नग बाजूला सारू लागली. परात आधीची आहे, काढा. घंगाळ आता कोण वापरतंय, काढा. श्रीशैल मोबाईलकडं बघत बसला होता. रविवारी रात्री सत्यमनं तिघांच्या जिंकल्याचा फोटो पाठवला होता. खाली धम्मप्रियानं लिहिलं होतं, "तुझी आठवण काढली." ते तो परत एकदा उघडून बघत होता.

"पोरा, मागं बघ."

तो असा गर्रकन वळला की स्टूल पडलं. मागं फळीवर अप्पांनी स्वस्तात भरलेले हंडे ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक हंड्यात त्याचंच तोंड होतं, गाल फुगलेलं, नाक पसरलेलं, हौस नुसती ओसंडून चाललेली.

"ती धाकटी कळशी दे खाली," केवळाबाई म्हणाली. "आन् हे हंड्याचं काय लावलंय, मालक? हंडा काढून किती?"

अप्पांनी आकडा सांगितला. बाईला तो पटला नाही. अजून काय काढता येईल म्हणून तिनं सगळ्या दुकानावरून नजर फिरवली. ती भांड्यांवरून मशीनवर आली, मशीनवरून श्रीशैलवर, आणि तिथं थांबली.

"आन् ह्या पोराला काढलं तर?"

अप्पा धंद्याला इमानी माणूस. मालाबद्दल गिऱ्हाईकाशी खोटं बोलत नाहीत. त्यांनी श्रीशैलकडं नीट बघून घेतलं.

"त्यानं काय बी कमी व्हत न्हाई, ताई," ते म्हणाले. "ते सेटवर फुकट हाय."