टिटवीचं आभारप्रदर्शन

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. जंगल कुठलं ते विचारू नका. सांगणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं असं नाही, आणि मला तर आमच्या प्रभागाचा क्रमांकसुद्धा मतदानाच्या चिठ्ठीवर पाहावा लागतो.

तर त्या पाणवठ्याला एक समिती होती. पाणवठा समिती. जांभळाच्या झाडाखाली ती बसायची. साळिंदर अण्णा तिचे अध्यक्ष. वानरभाऊ, मोरराव आणि रानडुक्कर दाजी हे सदस्य. समिती फार मोठी कामं करत नसे. कोणी कुठे पाणी प्यायचं, कोणी कुठे लोळायचं, चिखल कोणी केला आणि निवळायची वाट कोणी पाहायची, असलीच कामं. सगळे तिला नावं ठेवत. आपणही आपल्या समित्यांना ठेवतो. घरात बसून करता येण्यासारखं तेवढंच तर समाजकार्य आहे.

पण ही समिती दर उन्हाळ्यात एक काम मात्र न चुकता करायची.

पाणवठ्याच्या काठावर, वाळूत, टिटवी अंडी घालायची. टिटवीला घरटं बांधता येत नाही. चार खडे गोळा करायचे आणि उघड्यावर अंडी घालायची, एवढंच तिला ठाऊक. आणि ऊन वाढलं की डोंगरावरून गव्यांचा कळप पाण्याला उतरायचा. गवे स्वभावाने गरीब. पण त्यांचे खूर काही गरीब नसतात. म्हणून अण्णा वाटेवर उभे राहायचे आणि काटे फुलवून सांगायचे, "वाळूकडून नको. पिल्लं पळायला लागेपर्यंत खडकाकडून उतरा." गवे मान हलवायचे आणि खडकाकडून उतरायचे. संपलं काम. त्याचा ठराव नाही, बातमी नाही.

एके दिवशी दरबारातून दवंडी आली. कारभार सुटसुटीत करायचा होता. लहान लहान समित्या बंद करून सगळ्या पाणवठ्यांचं मिळून एक महापाणवठा मंडळ नेमायचं होतं. मंडळ बसणार दोन डोंगर पलीकडे, मोठ्या तळ्यावर. पण दरबार न्यायी होता. आधी हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. सुनावणीसाठी उदमांजर साहेब स्वतः येणार होते.

बाळांनो, तुम्हाला वाटेल की हा साहेब लबाड असेल. आम्हालाही साहेब लबाड निघाला की बरं वाटतं, पुढची जबाबदारी उरत नाही. पण हा लबाड नव्हता. त्याने आधीच निरोप धाडला होता, "ज्या पाणवठ्याची समिती एखादं तरी उपयोगाचं काम करते, तिला हात लावायचा नाही, असा मला हुकूम आहे. फक्त ते काम काय, ते कोणीतरी सभेत सांगा."

म्हणजे एक वाक्य पुरणार होतं.

टिटवीने ते लगेच ओळखलं. त्या वेळी तिची अंडी वाळूत होतीच. ती जांभळाखाली आली आणि म्हणाली, "अण्णा, मी सांगते साहेबांना. गवे, वाळू, खडक, सगळं सांगते."

अण्णांनी घसा खाकरला. वानरभाऊंनी आभाळाकडे पाहिलं.

"टिटवीबाई," मोरराव म्हणाले, "राग मानू नका. पण तुम्ही बोलत नाही, ओरडता."

"दिवसभर ओरडता," दाजी म्हणाले. "दुपारी डोळा लागत नाही आमचा."

"साहेबांपुढं ते बरं दिसणार नाही," अण्णा समजुतीने म्हणाले. "अगं, आम्ही आहोत की. तुझा मुद्दा आम्ही मांडतो. वजन पडतं चार मोठ्यांनी मांडलं की. तू असं कर, शेवटी आभार मान."

टिटवीला आजवर कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. गप्प बस एवढंच सांगितलं होतं. तिला मनापासून आनंद झाला. पुढचे दोन-तीन दिवस ती अंड्यांवर बसून हळू आवाजात बोलायचा सराव करत होती.

सुनावणीचा दिवस उजाडला. पाणवठ्यावर ही गर्दी! बुलबुलांनी स्वागतगीत म्हटलं. त्याची कडवी जरा जास्त झाली. मग साहेबांचा सत्कार झाला. शाल म्हणून केळीचं पान पांघरलं. नारळ जंगलात मिळेना, म्हणून बेलफळ हातात दिलं. मग, साहेबांचा सत्कार झाला आणि आपल्याच अध्यक्षांचा राहिला हे बरं नाही, असं दाजींच्या लक्षात आलं. अण्णांचा सत्कार झाला. अण्णांना पान पांघरणं सोपं नव्हतं. ते काट्यांत अडकून फाटलं, दुसरं आणावं लागलं. ऊन चढलं.

साळिंदर अण्णा प्रास्ताविकाला उभे राहिले. पाणवठा कसा सापडला, कोणी शोधला, तो शोधणारा अण्णांचा पणजोबा कसा होता, हे त्यांनी सांगितलं. ते छान सांगितलं.

साहेब पुढे झुकून म्हणाले, "वा. आणि समिती काम काय करते?"

"ते येईलच पुढं, साहेब," अण्णा नम्रपणे म्हणाले. "मी प्रास्ताविक करणार फक्त. मूळ मुद्दा पुढचे वक्ते सविस्तर मांडतीलच. मी त्यांचा वेळ घेत नाही."

टाळ्या पडल्या. आपल्याकडे खाली बसणाऱ्याला नेहमीच टाळ्या पडतात.

मग वानरभाऊ उठले. "मूळ मुद्दा अण्णांनी मांडलाच आहे," ते म्हणाले, "त्यामुळं मी पुनरावृत्ती टाळतो. मला वेगळंच सांगायचंय. पलीकडच्या टेकडीवरची माकडं आमच्या उंबरावर येतात. त्याचं काय ते करा."

साहेबांनी विचारलं, "हे पुनर्रचनेत कुठं बसतं?"

"बसवून घ्या, साहेब. तुमच्या हातात आहे."

त्यानंतर मोरराव. त्यांनी आधी पिसारा फुलवला आणि सगळ्यांनी तो पाहून होईपर्यंत थांबले. "माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी विषय इतक्या समर्थपणे मांडलाय," ते म्हणाले, "की मला बोलायला काही शिल्लकच ठेवलं नाही." आणि मग त्या शिल्लक नसलेल्यावर ते ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलले. लोकशाही, पाणी, सौंदर्य, पुन्हा लोकशाही.

रानडुक्कर दाजी उठले ते बसण्यासाठीच. "तिघांशीही मी सहमत आहे," म्हणाले आणि बसले. दिवसातलं सर्वांत लोकप्रिय भाषण ते.

साहेबांच्या मिशा आता खाली आल्या होत्या. पण माणूस, म्हणजे उदमांजर, चिकाटीचा. त्यांनी सभेला विचारलं, "अजून कोणाला काही सांगायचंय? नवीन काही?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला खात्री होती की आपण खाजवत होतो, डुलकी घेत होतो किंवा शेजाऱ्याशी बोलत होतो, तेव्हा ते होऊन गेलं असणार.

"नवीन काही नाही, साहेब," दाजी म्हणाले. "सगळं आलंय."

"काय आलंय?"

"तेच. मघाशी झालं ते."

आता राहिले आभार. टिटवी उठली. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. तिने सगळी भाषणं कान देऊन ऐकली होती. त्या सभेत तसं करणारी ती एकटीच. त्यामुळे गव्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, हे फक्त तिला ठाऊक होतं.

"साहेब," ती म्हणाली.

साहेबांचे कान उभे राहिले. खरंच उभे राहिले, बाळांनो. त्यांना काहीतरी ऐकायची फार इच्छा होती.

"साहेब, ते गवे..."

"आभार," मागून अण्णा पुटपुटले. रागाने नाही, प्रेमाने. पोर काही विसरली तर आपण आठवण करून द्यावी, तसं.

टिटवी थांबली. आभारात मुद्दा घुसवणं असभ्य असतं, हे तिला सांगितलेलं होतं. सगळी सभा तिच्याकडे कौतुकाने पाहत होती. असं याआधी कधी कोणी पाहिलं नव्हतं. आणि समोर चार मोठे बसले होते. त्यांनी मुद्दा मांडलाच नाही, असं सगळ्यांदेखत कसं म्हणायचं? त्यांना काय वाटेल?

इथे मला टिटवीचा राग यायला हवा. येत नाही. मी तिच्या जागी असतो तर 'गवे' हा शब्दसुद्धा तोंडातून निघाला नसता.

तिने आभार मानले. साहेबांचे मानले, बुलबुलांचे मानले, जांभळाच्या सावलीचे मानले. केळीचं पान दुसऱ्यांदा आणणाऱ्यांचेही मानले. शेवटी अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली, "आणि आपल्या सर्व वक्त्यांनी आपला प्रश्न तळमळीनं मांडला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय बोललीस!" अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती हळू बोललीस!"

काही दिवसांनी निकाल आला. साहेबांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सभा शिस्तीत पार पडली. हरकत कोणाचीच नाही. समिती काय करते, हे समितीलाही सांगता आलं नाही. सबब, समिती बंद.

प्राण्यांना वाईट वाटलं. दरबाराने आपलं ऐकलं नाही, असं ते जांभळाखाली बसून बराच वेळ म्हणत राहिले.

मग ऊन तापलं आणि गवे उतरले. पुढे त्यांची म्होरकी होती, थोराड आणि शांत. सवयीप्रमाणे ती वाटेवर थांबली. अण्णाही सवयीप्रमाणे तिथे उभे होते. पण काटे मिटून.

"अण्णा, कुठनं उतरायचं?"

"मला नाही सांगता येणार," अण्णा म्हणाले. "अधिकार गेला माझा. मंडळाला विचारा."

"मंडळ कुठं असतं?"

"दोन डोंगर पलीकडं."

"अहो, वासरं तहानलीत. तुम्हाला ठाऊक आहे ना कुठनं ते? मग सांगा की."

"ठाऊक आहे. पण मी सांगितलं तर ते नियमाला धरून होणार नाही."

म्होरकीने मागे वळून वासरांकडे पाहिलं. मग समोर पाणी पाहिलं. सरळ वाट वाळूतून होती.

टिटवी ओरडली. तिचं ते हळू बोलणं क्षणात गेलं. पंख पसरून ती खुरांच्या पुढे धावली, पडली, उठली, पुन्हा धावली. म्होरकी थबकली. तिला थांबायचंच होतं. पण मागच्या कळपाला पाण्याचा वास आला होता आणि पुढचं काही दिसत नव्हतं. धूळ बसली तेव्हा वाळूत खुरांचे ठसे होते. अंडी नव्हती.

सगळे धावत आले. सगळ्यांना खरंच वाईट वाटलं.

"अगं," वानरभाऊ म्हणाले, "हे तू सुनावणीत सांगायचं होतंस!"

टिटवीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मांडणार होतात."

"मला वाटलं, अण्णांनी मांडलं."

"मी तर प्रास्ताविकाला होतो," अण्णा म्हणाले. "पुढचे मांडतील म्हणून तर बसलो."

"मी दोघांचंही कौतुक केलं होतं," मोरराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "आता त्यांनी मांडलंच नसेल, तर मी काय करणार?"

दाजी म्हणाले की ते तिघांशीही सहमत आहेत.

 टिटवी काठावरच्या दगडावर जाऊन बसली आणि ओरडायला लागली. तेव्हापासून ती रात्रंदिवस ओरडते. कोणाची चाहूल लागली तरी ओरडते, नाही लागली तरी ओरडते. जांभळाखाली कोणीतरी कूस बदलतं आणि म्हणतं, "काय हा आवाज! त्या दिवशी सभेत किती सुंदर बोलली होती."

तात्पर्य : सभेत आपला मुद्दा मांडून दुसऱ्याचा वेळ घेऊ नये. अंडी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घालता येतात, सभ्यपणाचं नाव एकदा गेलं की गेलं. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या प्रभागात माझं नाव अजूनही फार चांगलं आहे. प्रभाग तेवढा पुनर्रचनेत राहिलेला नाही.