रावजी साळिंदराची हलकी बंदूक

एका जंगलात, बाळांनो, नदीच्या वाळूत कलिंगडाची एक वाडी होती. वाडी रावजी नावाच्या साळिंदराची. नीट मांडी घालून बसा, आणि 'साळिंदर वाडी कशी करेल?' असं मधेच विचारू नका. गोष्टीतले प्राणी सगळं करतात. माणसांनी केलेला मूर्खपणासुद्धा करतात.

वाडीच्या मधोमध एक फळ होतं. त्यावर चुन्याचा ठिपका होता. चुन्याचा ठिपका म्हणजे बियाण्याचं फळ. ते खायचं नाही, विकायचं नाही. वेलावरच पुरतं पिकू द्यायचं आणि त्याचं बी पुढच्या साली लावायचं. बाकीची फळं आधीच तोडली जात, त्यांचं बी रुजत नसे. हे बी रावजीच्या पणज्यापासून चालत आलेलं. पातळ साल, लालभडक गर. साऱ्या जंगलात दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. रावजी रोज सकाळी आधी त्या फळावरून पंजा फिरवायचा आणि मगच तोंड धुवायचा.

वाडीला उपद्रव एकाचाच होता. कोल्होबाचा. कोल्हा काकडीला राजी, असं तुम्ही ऐकलं असेल. तो कोल्हा वेगळा. याला कलिंगडच लागायचं. पण तोही कडेचं एखादं फळ उचलायचा आणि पळायचा. आत यायची त्याची छाती नव्हती. कारण तो दिसला की रावजी काटे फुलवायचा, पाठ फिरवायचा आणि उलटा धावत सुटायचा. साळिंदरं अशीच लढतात. एकदा कोल्होबाच्या नाकात काटा रुतला होता. तो उपटायला त्याच्या बायकोला दोन दिवस लागले.

म्हणजे सगळं बरं चाललं होतं.

पण एका दुपारी रावजी असाच उलटा धावला, तेव्हा काठावरच्या जांभळीखाली बंदूकप्रेमी मंडळाची बैठक चालू होती. मंडळातल्या कुणाकडेच बंदूक नव्हती. त्यामुळे चर्चा फार उच्च दर्जाची होत असे.

"अरे, हे बघा! पाठमोरा लढतोय!" मंडळाचे अध्यक्ष, एक रानडुक्कर, खो खो हसले. "रावजी, कोणत्या काळात राहता? बंदूक घ्या. हलकी, नेमाची, बारीक गोळीची."

रावजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार जणांसमोर आपण पाठ दाखवून धावतो, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. काटे मिटवून तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "सगुणा, आपण बंदूक घ्यायची."

"कशाला?" सगुणा म्हणाली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा. तुमचा तर पाठीवर आहे."

"तुला त्यातलं कळत नाही," रावजी म्हणाला. त्यालाही कळत नव्हतं. पण आता कळून घ्यायचंच, असं त्याने ठरवलं.

हसू नका. मी स्वतः एक छत्री निवडताना दोन पावसाळे भिजलो आहे. काड्या आठ की सोळा, मूठ वाकडी की सरळ, याचा निकाल लागेना. आणि माझ्या मागे तर कोल्हाही लागलेला नव्हता.

रावजीने मात्र मुळापासून अभ्यास केला. बंदूक हलकी हवी, कारण पाय आखूड आणि वाळू मऊ. नेम पक्का हवा, कारण कोल्हा अंगाने बारीक. आणि गोळी लहान हवी, कारण मोठी गोळी कोल्ह्यातून आरपार जाऊन मागचं कलिंगड फोडायची. विचार किती बिनचूक होता बघा. मग नळी केवढी लांब, दुर्बीण कोणती, दस्ता सागाचा की अक्रोडाचा, यावर तो रोज मंडळात जाऊन बसू लागला. आधी शेवटच्या रांगेत, मग पहिल्या, मग अध्यक्षांच्या शेजारी. महिन्याभरात नवे सभासद त्यालाच शंका विचारू लागले.

इकडे वाडीत कोल्होबा कडेकडेने दहा फळं खाऊन गेला.

"अहो, निदान दिवसातून एकदा काटे तरी वाजवा," सगुणा म्हणाली.

"थांब गं. वजनाचा निर्णय व्हायचाय. पावणेतीन किलो की अडीच?"

पुढे पुढे तर कोल्होबाही या विषयात रस घेऊ लागला. तो बांधावर बसायचा, फोड खात खात विचारायचा, "काय रावजी, ठरलं का न्हाई?"

"अंतराचं घोडं अडलंय. तुम्ही साधारण किती लांबून येता?"

"थांबा की, मोजूनच सांगतो!" असं म्हणून कोल्होबा बांधापासून आपल्या बिळाच्या वाटेवर पावलं मोजत गेला आणि तिथून ओरडला, "दोनशे पावलं! वारं पन धरा बरं का हिशेबात! हितं कडंला लई असतंय!"

रावजीला गहिवरून आलं. इतक्या आस्थेने त्याच्याशी बंदुकीबद्दल घरातलंही कुणी बोललं नव्हतं.

शेवटी बंदूक ठरली. दुकानदार तरस ती घरपोच घेऊन आलं. अडीच किलोची, सडपातळ नळीची, दुर्बीण दोनशे पावलांवर बसवलेली. रावजीने ती खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा पडला. दस्ता खांद्यावर टेकेना. मधे काटे येत होते.

"काटे काढून टाका," तरस हसत म्हणालं. तरस ते, सगळंच हसत सांगतं. "दस्ता सपाट बसला नाही तर नेम हलतो."

"एवढंही कळेनासं झालं का?" सगुणा कळवळून म्हणाली. "काटे गेले तर राहिलं काय तुमच्यात?"

"नेम," रावजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकड्याला बोलावलं. त्याने नांग्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत एकेक काटा कापून काढला. अर्धेच कापले तर दोन्ही बाजूंचा तोल बिघडेल, असं मंडळाचं मत पडलं होतं. कोल्होबा बांधावरून सगळं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही सल्ला दिला नाही.

भर दुपारी तो आला. कडेने नाही, सरळ मधून आला. रावजी वाळूत पालथा पडला. जांभळीखाली मंडळ श्वास रोखून उभं होतं. रावजीने दुर्बिणीला डोळा लावला. आत नुसतं तांबूस काहीतरी दिसत होतं. कोल्होबा चार पावलांवर उभा होता आणि दुर्बीण दोनशेची होती.

"जरा मागे सरकता का?" रावजी म्हणाला.

"सरकतो की," कोल्होबा म्हणाला. त्याने आजूबाजूला पाहिलं, चुन्याच्या ठिपक्याचं फळ देठापासून तोडलं, छातीशी धरलं आणि दोन पायांवर बेताबेताने मागे मागे जाऊ लागला. अगदी दोनशे पावलं. तिथे तो थांबला. दुर्बिणीत आता सगळं लख्ख दिसत होतं. कोल्होबाचं नाक, त्यावरचा काट्याचा जुना व्रण, आणि छातीशी ते फळ.

"मारू नका!" सगुणा ओरडली. "बियाण्याचं फळ आहे ते! जा आणि हिसकून आणा!"

हिसकून कशाच्या जोरावर आणणार? रावजीचा पंजा चापावर होता. त्याला पणजोबा आठवले. पण मागे मंडळ उभं होतं. दस्ता सपाट बसला होता. अंतर बरोबर होतं, वाराही धरला होता. इतक्या अभ्यासानंतर चाप न ओढणं त्याच्याने होईना.

गोळी सुटली ती चुन्याच्या ठिपक्याच्या बरोबर मधोमध लागली. मंडळाने टाळ्यांचा कडकडाट केला. रावजीच्या छातीत अभिमान मावेना. फळ फुटून वाळूत पडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. टाळ्या अजून चालूच होत्या.

कोल्होबाला काय झालं, म्हणता? काही नाही. गोळी मुद्दाम लहान निवडलेली. ती गरातच अडकून राहिली. कोल्होबाने ती बोराच्या आठळीसारखी थुंकली आणि फळ बियांसकट खाऊन टाकलं.

पुढच्या साली रावजीच्या वाडीत नुसती वाळू होती. पण कोल्होबाच्या बिळाबाहेर, जिथे तो रोज सकाळी बसायला जायचा, तिथे वेल मातले. पातळ साल, लालभडक गर. रावजी दुपारचा गुपचूप जाऊन कडेचं एखादं फळ उचलू लागला. काटे अजून पुरते वाढले नव्हते, तेव्हा आत जायची छाती नव्हती. मधल्या एका फळावर चुन्याचा ठिपका होता. तेवढं एक मिळालं असतं तर पणजोबांचं बी घरी आलं असतं.

एके दिवशी कोल्होबाने त्याला बांधावरच गाठलं.

"बरं झालं, भेटलात. हल्ली माझ्या वाडीत एक साळिंदर येतंय. कोन, ते म्या इचारत न्हाई. पन हलकी, नेमाची, बारीक गोळीची एखादी बंदूक सुचवा की. तुमच्याएवढी जान कुनाला हाय?"

सगुणा मागे झुडपात उभी होती. तिने हात जोडून 'चला, चला' अशी खूण केली. रावजीने ती पाहिली. आपण आता गप्प बसावं, हे त्याला पक्कं कळत होतं. पण गेल्या वर्षभरात बंदुकीबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बसा," रावजी वाळूत फतकल मारून म्हणाला. "साळिंदराला अडीच किलोचीच घ्या. नेम मानेच्या जरा खाली धरा, तिथे काटे विरळ असतात. आणि तुम्हाला एक मोठी सोय आहे. तुमचा खांदा बघा, कसा सपाट. दस्ता झकास बसेल!"

तात्पर्य : शस्त्र निवडताना मुळीच घाई करू नये. पूर्ण अभ्यास करावा, म्हणजे तो पुढे शत्रूच्या तरी उपयोगी पडतो. (हे तात्पर्य मी मागच्या वर्षीच लिहिणार होतो. पण पेन कोणतं घ्यावं, हे ठरत नव्हतं.)