आप्पांची मंगलाष्टकं

"दुकानात कशाला द्यायची कॅसेट? मी घरीच करतो की डिजिटल! एक वायर इकडे, एक तिकडे, झालं!" हेरंबने सासूबाईंना फोनवर सांगितलं आणि सुरुचीने नवऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मागे असंच 'झालं!' म्हणत त्याने मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून त्यांच्या गिरगावातल्या घरी चटणी खलबत्त्यात कुटली जाते.

या वेळी मात्र मामला नाजूक होता. कॅसेट सासूबाईंच्या लग्नाची होती आणि तीत त्यांचे वडील, आप्पा, मंगलाष्टकं म्हणत होते. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज उरला होता तो एवढाच.

"लग्नाच्या वाढदिवसाला तेवढा आप्पांचा आवाज ऐकवा, हेरंबराव. दुसरं काही नको मला."

सासूबाईंनी जावयाकडे आजवर काही मागितलं नव्हतं. हेरंबची छाती फुगली.

माहीमच्या मित्राकडून व्हीसीआर आला. जेवढी लांब कॅसेट, तेवढाच वेळ ती कॉम्प्युटरमध्ये उतरायला लागतो, हे त्याला तेव्हा कळलं. मग काय! टीव्हीवर लग्न लावलं, शेजारी लॅपटॉप ठेवला आणि नवरा-बायको कांदाभजी घेऊन बसले. समोरून एकेक नातेवाईक नटूनथटून चालला असताना तोंड बंद ठेवायला ती दोघं काय दगडाची होती?

"सुरुची, हे अवधूतकाका? डोक्यावर केवढं जंगल होतं गं! गेलं कुठे सगळं?"

"आणि शैलामावशीचा शालू बघ! सोफ्याचं कव्हर नेसून आली!"

"आणि मावशी पाकीट कसं देतायत बघ! देतायत की परत घेतायत?"

चित्र झकास उतरलं. हेरंबने ते ऑफिसात, मीटिंग चालू असताना, आवाज बंद ठेवून तपासलंसुद्धा. रोजच्या मीटिंगांच्या सवयीने लॅपटॉपने आवाज स्वतःच्याच माइकवरून घेतला होता, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं!

दादरच्या हॉलमध्ये पडदा लागला. सगळं गोत जमलं. सासूबाई नव्या पैठणीत पहिल्या रांगेत. पडद्यावर तरुण अवधूतकाका आले आणि हॉलभर हेरंबचा आवाज घुमला, "डोक्यावर केवढं जंगल होतं गं!"

हॉल खदखदला. काकांनी टकलावरून हात फिरवला. हेरंब लॅपटॉपकडे झेपावला, पण शैलामावशींनी त्याचं मनगट धरलं.

"बंद करायचं नाही हं, जावईबापू! आमच्या अवधूतचं ऐकलं, आता माझं काय म्हणताय ते ऐकू दे!"

त्यांनी ऐकलं. सोफ्याचं कव्हर ऐकलं, पाकीटही ऐकलं. मनगटावरची पकड अशी घट्ट झाली की हेरंबची बोटं बधिर झाली. पण त्याची नजर सासूबाईंवर होती. त्या हसत नव्हत्या. मांडीवरच्या रुमालाला पीळ घालत बसल्या होत्या. एवढी एकच गोष्ट मागितली होती बाईंनी! हेरंबला रडूच यायला लागलं.

पडद्यावर अंतरपाट धरला गेला.

"गप्प बसा सगळे!" सासूबाई कडाडल्या.

हॉल चिडीचूप झाला. घरच्या टीव्हीतून माइकने टिपलेला, थोडा लांबून येणारा, पण खणखणीत आवाज उमटला. आप्पा! त्या दिवशी आप्पा गायला लागल्यावर घरात भजी खाणारी दोन्ही तोंडंही थांबली होती. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मावशींनी मनगट सोडून पदर डोळ्यांना लावला.

शेवटचं 'सावधान' झालं आणि हेरंबचा हळवा आवाज आला, "काय गायलेत गं आप्पा! आपल्या लग्नात असायला हवे होते."

सासूबाईंनी मागे वळून जावयाकडे असं पाहिलं, की तो धन्य झाला! आजवरचे सगळे मिक्सर माफ!

"पण काय गं," रेकॉर्डिंगमधला हेरंब पुढे म्हणाला, "हा गळा तुझ्या आईकडे कसा नाही आला? गणपतीत त्या आरती धरतात, तेव्हा मी प्रसाद बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळतो!"

कोणी हसलं नाही. सासूबाईंनी शांतपणे डोळे पुसले आणि शेजारची खुर्ची थोपटली.

"इथे बसा, हेरंबराव. पुढचंही ऐकू आपण."

हेरंब बसला. पुढचा विषय सासूबाईंच्या पुरणपोळ्यांचा आहे, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक केव्हाच चपला घालून जिना उतरली होती.