हंबीररावांची दुनळी आणि सोसायटीची जीवदया

समा भागातल्या एका सभ्य, बहुतांशी गुजराती सोसायटीत राहणाऱ्या हंबीररावांना बंदूक घ्यायची होती. कुणावर राग नव्हता. पत्नी कुसुमावती गेल्यापासून त्यांचा रविवार सरत नव्हता, एवढंच. बाकीचे वार कसेबसे ढकलता यायचे. रविवारी मात्र ती त्यांना सकाळीच भाजीला पिटाळायची, आणि आता पिटाळणारं कुणी नव्हतं. त्यांचे जुने मित्र विक्रमसिंह म्हणाले, "सावली रोडला नेमबाजीचं मैदान आहे. यंत्र मातीच्या तबकड्या हवेत उडवतं, आपण फोडायच्या. दर रविवारी मी जातो. चल माझ्याबरोबर. घरात बसून तुझा कुजका बटाटा व्हायला लागलाय."

घरात बंदूक नव्हती असं नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची बंदूक आणि तिचा परवाना, दोन्ही वारशानं हंबीररावांपर्यंत आलं होतं. पण या घराण्यात बंदूक निघायची ती दसऱ्याला, आणि पूजा सुरू व्हायची ती नळीच्या तोंडापासून. विक्रमसिंहांनी नळी डोळ्याला लावली आणि हळूच खाली ठेवली.

"पलीकडचं काही दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं हळदकुंकू आत बसलंय. ही झाडलीस तर समोरच्याला हळद लागेल."

तेव्हा नवी घेणं आलं. दुकानदारानं काचेवर दोन दुनळ्या ठेवल्या. एकीच्या नळ्या एकावर एक, दुसरीच्या शेजारी-शेजारी.

"वरखाली नळ्यांची ही तबकड्यांसाठी. जरा जड आहे, पण नेम एका रेषेत राहतो. आणि ही दुसरी पक्ष्यांसाठी. हलकी. दिवसभर शेतातून घेऊन फिरा, खांदा दुखणार नाही."

"पक्षी मारायला बंदी आहे ना?"

"पूर्ण बंदी," दुकानदार अभिमानानं म्हणाला. "म्हणून तर ही वर्षानुवर्षं नव्यासारखी राहते."

"मग ठेवता कशाला?"

"लोक मागतात, काका. मारायचं नसतं कुणाला. पण मारता आलं पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटतं."

हंबीररावांनी वरखाली नळ्यांची उचलून खांद्याला लावली. दस्ता लांब पडत होता, गाल जागेवर येत नव्हता. "तुमच्या मापाचा करून देतो," म्हणत दुकानदारानं टेप काढली आणि हंबीरराव हात पुढे करून उभे राहिले. कुसुमावती स्वेटरसाठी माप घ्यायची. त्यानंतर त्यांच्या हाताची लांबी कुणी विचारली नव्हती. बंदूक पसंत पडली.

परवान्यावर जुनीच्या जागी नवी चढवण्यासाठी अर्ज गेला. पोलीस घरी चौकशी करून गेले आणि सोसायटीचे चेअरमन माधवभाई यांना विषय कळला. अशा कामाला सोसायटीची परवानगी कायद्यात लागत नाही, सोसायटीत लागते. कमिटीनं लेखी हरकत घेतली तर अर्ज कुठल्या कपाटात विसावेल ते सांगता येत नाही. हंबीरराव निमूटपणे सभेला गेले.

"हंबीरकाका, आपली सोसायटी जीवदयावाली," माधवभाई म्हणाले. "इथे लोक ऑम्लेटसुद्धा खिडक्या लावून करतात. तर ही तबकडी कशाची असते?"

"मातीची."

"अंडंबिंडं नाही ना त्यात?" सेक्रेटरी अस्मिताबेननी विचारलं.

"नाही."

सभेत बराच खल झाला. तबकडी शाकाहारी असल्याचा दाखला मैदानाकडून आणावा, मग ना-हरकतीचा विचार करू, असं ठरलं. विक्रमसिंहांनी दाखला आणला. मैदानाच्या मॅनेजरनं तो काही न विचारता दिला. त्याच्याकडे छापील प्रतीच होत्या.

दुसऱ्या दिवशी माधवभाई खासगीत आले. "केम छो काका? माझ्या एसीवर कबुतरं फार घाण करतात. बंदूक आली की एकदा सकाळी, कुणी बघत नसताना..."

"परवाना तबकड्यांचा आहे."

"तर तबकडी समजून मारा ने."

त्यांच्यामागून अस्मिताबेन आल्या. त्या रोज चबुतऱ्यावर पुण्यासाठी ज्वारी टाकत आणि खाऊन झालं की कबुतरं त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत बसत. "मी तर दाणे घालते, माझ्या हातून होणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काय, तुम्ही शिपाईगडी."

हंबीररावांनी दोघांनाही नाही म्हटलं. त्यांच्या बाल्कनीत कुसुमावतीच्या मोगऱ्याच्या कुंडीत कबुतरीनं अंडी घातली होती, आणि तिला त्रास नको म्हणून ते कपडे दिवाणखान्यात खुर्च्यांवर वाळत घालत होते. हे कळल्यावर सोसायटीचं मत फिरलं. जो माणूस एक कबुतर मारत नाही त्याला बंदूक हवीच कशाला? नक्की काहीतरी मोठा बेत असणार.

इतक्यात संक्रांत, म्हणजे इथलं पतंगांचं उत्तरायण आलं. दोन दिवस सोसायटी गच्चीवर राहिली. काचेच्या मांज्यानं आभाळ शिवून काढलं, उंधियु-जलेबी झाली, आरडाओरड झाली. तिसऱ्या दिवशी वॉचमननं कंपाउंड झाडलं तेव्हा पाचोळ्याबरोबर कबुतरं निघाली, पोपट निघाले, पंख अर्धा तुटलेला एक बगळा निघाला. तातडीची सभा बोलावण्यात आली.

"प्रसंग दुःखाचा आहे," माधवभाई म्हणाले. "कुणावर आरोप नाही. पण सोसायटीत बंदुकीचा परवाना एकाच माणसाच्या नावावर आहे."

"नवी बंदूक अजून दुकानातच आहे," हंबीरराव म्हणाले. "आणि जुनी झाडताच येत नाही."

"बंदूक दुकानात असेल, काका. विचार तर घरी आला ना?"

अस्मिताबेननी ठराव वाचला: मुक्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी ही सोसायटी नव्या बंदुकीस तीव्र हरकत घेत आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

सगळे हात वर गेले. मांज्यानं कापू नये म्हणून गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी अजून बहुतेकांच्या बोटांना तशीच होती. माधवभाईंच्या तर दोन्ही हातांना. हंबीरराव तेवढे मोकळी बोटं मांडीवर ठेवून बसले होते.

रविवारी विक्रमसिंहांच्या गाडीनं गेटवर हॉर्न दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि ती हंबीररावांशिवायच सावली रोडला लागली. अर्ज कपाटात आहे. ठराव मात्र एकमतानं मंजूर झाला असून त्यात वाचकांचीही संमती गृहीत धरली आहे. हात वर करण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या बोटांवरची पट्टी इथूनही दिसते.